इंग्लिश खाडी की ला मांश? दोन देशांचं पाणी आणि मराठी नकाशावरचं नाव

नकाशेवाली

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्राला, म्हणजे इंग्रजीतल्या 'इंग्लिश चॅनेल'ला, आपण मराठीत 'इंग्लिश खाडी' म्हणतो. वर्तमानपत्रं तसं लिहितात, शाळेतल्या नकाशांवर तसं असतं, पोहून आलेल्यांच्या सत्काराच्या फ्लेक्सवरही तेच छापलेलं असतं. पलीकडच्या किनाऱ्यावर मात्र हे नाव कुणाच्या तोंडी नाही. फ्रेंच त्याला 'ला मांश' म्हणतात. मांश म्हणजे बाही. सुमारे ५६० किलोमीटर लांबीचा हा पट्टा रुंद भागात २४० किलोमीटर आहे आणि पूर्वेला डोव्हर-कॅलेपाशी आवळत आवळत ३३-३४ किलोमीटरवर येतो. नकाशा समोर धरला की बाही लगेच दिसते.

माझं मत स्पष्ट आहे. पाणी दोघांचं असेल तर मराठी नकाशातही दोन्ही नावं असावीत. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांचा पाया इंग्रजांच्या काळात घातला गेला, तेव्हा त्यांचं नाव आलं, हे समजण्यासारखं आहे. पण आज तेच एकटं नाव पुढे चालवायचं काही कारण आहे का? मी सहावी-सातवीला भूगोल शिकवते. वर्गासाठी युरोपचा मोठा भिंत-नकाशा मुलांकडून करून घेते आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यापुढे अगदी रोकडा उभा आहे. त्या निळ्या पट्ट्यात काय लिहू?

पोटोबा

'ला मांश' वाचून मांसाहारी पाककृतींचा धागा समजून धावत आलो. आलोच आहे तर बसतो. वाचतोय.

रुळलेला_शब्द

ताई, असहमत. भाषेत एखादं नाव रुळलं की ते त्या भाषेचं होतं. आपण 'इजिप्त' म्हणतो, तिथले लोक 'मिस्र' म्हणतात. आपण 'ग्रीस' म्हणतो, ते 'एलादा' म्हणतात. जर्मनीला जर्मन लोक 'डॉइचलँड' म्हणतात म्हणून आपण पाठ्यपुस्तकं बदलली का? 'इंग्लिश खाडी' हे मराठी नाव आहे, ते इंग्रजांचं राहिलेलं नाही. मुलांना दोन नावं पाठ करायला लावून काय साधणार?

नकाशेवाली

@रुळलेला_शब्द, इजिप्त हा एका देशाचा प्रश्न आहे. त्याला आपण काहीही म्हटलं तरी शेजाऱ्याचा हक्क त्यात येत नाही. इथे नावातच दोघांपैकी एका मालकाचं नाव आहे. 'इंग्लिश' हा शब्द वाचून मुलं विचारतात, "बाई, हा समुद्र इंग्लंडचा आहे का?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो.

कालवं_आणि_भाकरी

मला 'इंग्लिश'पेक्षा 'खाडी'चाच त्रास जास्त होतो. मी मालवणकडची. खाडी म्हणजे नदीच्या मुखातून भरतीचं पाणी आत चढतं ती जागा. दोन्ही काठांना खारफुटी, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाणारी. कर्लीची खाडी, कोळंबची खाडी, तिकडे ठाण्याची, धरमतरची. जिथून दुसरा किनारा दिसतच नाही त्याला खाडी कसं म्हणायचं? आमची आजी म्हणायची, "खाडी म्हटली की माका कालवांच आठवतत."

रुळलेला_शब्द

हे बरोबर आहे, पण मग दुसरा शब्द सांगा. स्ट्रेटला 'सामुद्रधुनी' आहे, गल्फला 'आखात', बेला 'उपसागर', कॅनॉलला 'कालवा'. चॅनेलला शब्दच उरला नाही म्हणून खाडी घेतली असावी.

पोटोबा

म्हणजे खाडीत कालवं असतात पण कालवा नसतो, आणि चॅनेलमध्ये खाडी नसते पण नावात असते. तिकडे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर कांकाल नावाचं गाव याच समुद्राच्या कालवांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा मालवणच्या आजींना तिथेही खाडीच वाटली असती.

कप्तान_निवृत्त

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, या पाण्यातून अनेकदा गेलो आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिली गोष्ट, इंग्रज खलाशी याला 'इंग्लिश चॅनेल' क्वचितच म्हणतात. ते नुसतं 'चॅनेल' म्हणतात. त्यांच्याकडे ब्रिस्टल चॅनेल आहे, आयर्लंडच्या बाजूला सेंट जॉर्जेस चॅनेल आणि नॉर्थ चॅनेल आहे, पण नुसतं 'चॅनेल' म्हटलं की हेच. 'इंग्लिश' हे विशेषण बाहेरच्यांना लागतं. सोळाव्या शतकातल्या डच सागरी नकाशांत 'एंगेल्स कनाल' असं नाव येतं, आणि इंग्रजी नाव बहुधा तिथूनच आलं. त्याआधी इंग्रज याला 'नॅरो सी', म्हणजे अरुंद समुद्र म्हणत. रोमन काळात तो 'ब्रिटनचा महासागर' होता. म्हणजे ज्या नावावर आपण इंग्रजांच्या मालकीचा शिक्का पाहतो, ते बहुधा त्यांच्या व्यापारातल्या प्रतिस्पर्ध्यांनी घडवलेलं आहे.

दुसरी गोष्ट, कामाच्या ठिकाणी दोन्ही नावं सुखाने नांदतात. डोव्हरच्या सामुद्रधुनीतून रोज चारशे-पाचशे जहाजं जातात. १९६७ पासून तिथे जाण्या-येण्याच्या वेगळ्या मार्गिका आहेत. ईशान्येकडे निघालेली जहाजं फ्रेंच बाजूने, नैऋत्येकडे निघालेली इंग्लिश बाजूने, आणि फेरीबोटी या दोन्ही रांगा आडव्या कापत. मोठ्या जहाजाला आपली वर्दी द्यावी लागते. ईशान्येला जाणारे फ्रेंच किनाऱ्यावरच्या 'ग्री-ने ट्रॅफिक' केंद्राला कळवतात, नैऋत्येला जाणारे डोव्हरला. या वर्दीव्यवस्थेचं नाव 'कॅलडोव्हरेप', म्हणजे कॅले आणि डोव्हर दोन्ही एकाच शब्दात. पश्चिमेला कास्केत खडकांपाशी अशीच दुसरी व्यवस्था आहे, तिचं नाव 'मांशरेप'. चार्टवर इंग्लिश चॅनेल वाचणारा अधिकारी रेडिओवर मांश म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

खारे_वारे

कप्तान, उत्तम प्रतिसाद. हवामानाच्या बातमीपत्राचं पण सांगा ना.

कप्तान_निवृत्त

तेही मजेशीर आहे. ब्रिटिश सागरी हवामानवार्तेत हा समुद्र पूर्वेकडून पश्चिमेकडे डोव्हर, वाइट, पोर्टलंड, प्लिमथ अशा भागांत वाटलेला आहे. फ्रेंच वार्तेत ढोबळमानाने तेच पाणी पा-द-कॅले, आंतिफेर, कास्केत, उएसाँ असं येतं. उएसाँ हे बेट इंग्रज 'अशंट' म्हणतात. वादळ एकच, ऐकणाऱ्याने कोणतं केंद्र लावलंय त्यावर नाव ठरतं. जुने नावाडी दोन्ही ऐकत आणि ताडून पाहत.

आणि जिथे गोंधळ होतो तिथे नाव बदलतातही. ब्रिटिश वार्तेत 'फिनिस्टर' नावाचा विभाग होता. स्पेनच्या वार्तेतही त्याच नावाचा दुसरा, वेगळ्या आकाराचा विभाग होता. एका नावाची दोन पाणी, हे दर्यावर धोक्याचं. म्हणून २००२ साली ब्रिटिशांनी आपल्या विभागाचं नाव 'फिट्झरॉय' केलं. हे फिट्झरॉय म्हणजे डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचे कप्तान, ज्यांनी पुढे ब्रिटिश हवामान खात्याचा पाया घातला. म्हणजे एका पाण्याला दोन नावं चालतात, पण एका नावाची दोन पाणी चालत नाहीत.

नकाशेवाली

शेवटचं वाक्य वर्गात सांगणार!

लोझानकर

अवांतर, पण जवळचं. मी जिथे राहतो तिथे सरोवराचा असाच वाद आहे. इंग्रजीत 'लेक जिनिव्हा', मराठीत 'जिनिव्हा सरोवर', फ्रेंचमध्ये 'लाक लेमाँ'. लेमाँ हे नाव रोमन काळापासूनचं आहे, सीझरच्या लिखाणात ते 'लेमान्नुस' असं आहे. सरोवर सुमारे ५८० चौरस किलोमीटरचं, वरचा काठ बहुतांश स्वित्झर्लंडचा, खालचा मोठा भाग फ्रान्सचा. समोर फ्रान्समधलं एव्हियाँ दिसतं, तेच बाटलीबंद पाण्याचं. जिनिव्हा शहर पार एका टोकाला आहे. लोझानच्या माणसासमोर 'जिनिव्हा सरोवर' म्हणून बघा, लगेच दुरुस्त करतो. इथे फ्रेंच बोलणाऱ्या दोन गावांतच नावावरून रुसवे आहेत. देश वेगळे असायलाच पाहिजेत असं नाही.

शेरबुर्गची_सून

नमस्कार, मी नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्मंडीत राहते. आमच्या जिल्ह्याचं नावच मांश आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून नवे जिल्हे केले, तेव्हा त्यांना राजघराण्यांची किंवा सरदारांची नावं न देता नद्या, डोंगर, समुद्र यांची नावं दिली. त्यातून हा मांश, क्रमांक ५०, मुख्यालय सँ-लो. तसाच कॅलेच्या बाजूचा जिल्हा पा-द-कॅले. डोव्हरच्या सामुद्रधुनीचं फ्रेंच नाव तेच, समुद्राचं आणि जिल्ह्याचं एकच. त्यामुळे इथे 'मी मांशचा आहे' म्हणणारा माणूस बरेचदा समुद्राबद्दल बोलतच नसतो. १९४४ च्या ६ जूनला दोस्त सैन्य उतरलं त्या पाच किनाऱ्यांपैकी यूटा बीच आमच्या जिल्ह्यात आहे, बाकीचे चार शेजारच्या काल्व्हादोसमध्ये.

इथल्या बातम्यांत ब्रिटनला सर्रास 'उत्र-मांश' म्हणतात. मांशच्या पलीकडचं, बस. पलीकडून इंग्रज आम्हाला 'काँटिनेंट' म्हणतात. त्यांचा जुना विनोद प्रसिद्धच आहे: चॅनेलवर दाट धुकं, काँटिनेंटचा संपर्क तुटला!

आणि समुद्राखालच्या बोगद्याचंही तसंच. इंग्लिश बाजूला तो 'चॅनेल टनेल', आमच्याकडे 'तुनेल सू ला मांश'. १ डिसेंबर १९९० ला दोन्हीकडून खणत आलेले कामगार समुद्राखाली भेटले, ६ मे १९९४ ला उद्घाटन झालं. पन्नास किलोमीटरचा बोगदा, त्यातले जवळजवळ ३८ समुद्राखाली, आणि नाव विचाराल तर तुम्ही फोकस्टनला गाडीत बसलात की कोकेलला यावर अवलंबून.

अस्तनीवाला

बाहीला जुना मराठी शब्द 'अस्तनी'. आणि बाहीचा विषय निघाला आहे तर बाहीच्या आतलं बघा. फ्रेंच किनाऱ्याला अगदी खेटून जर्सी, गर्न्सी, ऑल्डर्नी, सार्क ही बेटं आहेत. इंग्रजीत 'चॅनेल आयलंड्स', फ्रेंचमध्ये 'अँग्लो-नॉर्मन बेटं'. ती ब्रिटिश राजाच्या अखत्यारीत आहेत, पण युनायटेड किंगडमचा भाग नाहीत. १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातून मुख्य भूमीवरची नॉर्मंडी गेली, बेटं मात्र राहिली. आजही तिथे राजाचं नाव घेताना 'आमचा ड्यूक', म्हणजे नॉर्मंडीचा ड्यूक, म्हणायची परंपरा आहे. फ्रेंचांच्या नजरेने पाहिलं तर हे शुद्ध मराठीत अस्तनीतले निखारे!

पोटोबा

वा! वाक्प्रचाराला आठशे वर्षांनी नकाशा मिळाला.

शेरबुर्गची_सून

@अस्तनीवाला, हे सासऱ्यांना सांगितलं, भाषांतर करून. खूप हसले. पण निखारे म्हणायला ते तयार नाहीत. व्हिक्टर ह्युगो फ्रान्समधून हद्दपार झाला तेव्हा १८५२ पासून आधी जर्सीत आणि मग गर्न्सीत राहिला, एकूण अठरा-एकोणीस वर्षं. फ्रेंच साहित्यातल्या केवढ्या मोठ्या माणसाला त्या बेटांनी आसरा दिला, असं ते म्हणतात.

भूगर्भी

तुम्ही सगळे वरच्या पाण्यावर बोलताय, मी तळाशी जातो.

हा समुद्र फार जुना नाही. डोव्हर आणि कॅलेच्या मधे पूर्वी खडूच्या दगडाची सलग धार होती. डोव्हरचे पांढरे कडे आणि कॅलेजवळचं काप ब्लां-ने हे तिचेच दोन तुटलेले टोक. हिमयुगात उत्तरेला बर्फाने अडवलेलं प्रचंड सरोवर साचलं. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी ते या धारेवरून ओसंडलं आणि धार फोडायला सुरुवात झाली. धबधब्यांनी खोदलेले खड्डे आजही सामुद्रधुनीच्या तळाशी गाळाने भरलेले सापडतात. नंतर पुन्हा मोठा पूर येऊन वाट पूर्ण मोकळी झाली.

आता या धाग्याला लागू पडेल अशी गोष्ट. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली की इथे समुद्र नसायचाच. थेम्स, ऱ्हाइन, सेन यांचं पाणी घेऊन एक महानदी पश्चिमेला अटलांटिककडे वाहायची. ही नदी आज अस्तित्वात नाही, तिच्या काठी राहणाऱ्या माणसांना ना इंग्लंड माहीत होतं ना फ्रान्स. तरीही इंग्रज शास्त्रज्ञ तिला 'चॅनेल रिव्हर' म्हणतात आणि फ्रेंच 'फ्लव्ह मांश'. समुद्रतळावरची सर्वांत खोल घळ सुमारे १७० मीटरची. इंग्रजीत ती 'हर्ड डीप', ब्रिटिश नौदलाचे जलसर्वेक्षक कॅप्टन थॉमस हर्ड यांच्या नावाने. फ्रेंच तिला 'फोस सांत्राल', मधली घळ, एवढंच म्हणतात.

रुळलेला_शब्द

माहितीपूर्ण. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. प्रत्येक भाषा आपापलं नाव ठेवते आणि कुणाचं काही बिघडत नाही. जर्मन 'एर्मेलकनाल' म्हणतात, इटालियन 'ला मानिका' म्हणतात, दोन्हींत बाही आहे. डच नुसतं 'हेट कनाल'. रशियन सरळ 'ला-मान्श' उचलतात. मग मराठीने 'इंग्लिश खाडी' म्हटलं तर तेही एक नाव.

माड्रिदी_मिसळ

स्पॅनिशचं राहिलं. इथे 'कानाल दे ला मांचा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये बाहीला 'मांगा' म्हणतात, 'मांचा' म्हणजे डाग, आणि ला मांचा हा आमच्याकडचा पवनचक्क्यांचा कोरडा पठारी प्रदेशही आहे. फ्रेंच शब्द कानाला जवळचा वाटला तसा घेतला आणि समुद्राची बाही गेली. आता कुणी बदलत नाही.

ब्रिटनीचा_पाहुणा

आणि या दोघांच्या भांडणात तिसरा नेहमी विसरला जातो. ब्रिटनीतली ब्रेटन भाषा याला 'मोर ब्रेझ' म्हणते, ब्रिटनीचा समुद्र. पलीकडे कॉर्नवॉलच्या कॉर्निश भाषेत 'मोर ब्रेतानेक'. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषांच्या खाली दोन्ही किनाऱ्यांवर सख्ख्या बहिणी असलेल्या भाषा आहेत. मराठी माणसाने दोन नावांचा आग्रह धरताना हेही ध्यानात घ्यावं की 'दोन' हा आकडा राज्यांचा आहे, किनाऱ्यावरच्या लोकांचा नाही. लहान भाषांचं हे दुःख मला फार लागतं. पोस्टाच्या शिक्क्यावर, नकाशावर, बातमीत कुठेही नाव नाही, फक्त बोलणाऱ्यांच्या तोंडात.

कालवं_आणि_भाकरी

+१. मालवणीवाल्यांना हे सांगायलाच नको.

पोर्ट_लुईसची_मराठी

मॉरिशसहून नमस्कार. माझी मराठी घरची आणि थोडी शाळेची आहे, सांभाळून घ्या. आमच्या इथे हा प्रश्न रोजचा. १८१० पर्यंत बेट फ्रेंचांकडे होतं, नाव 'इल द फ्रांस'. मग ब्रिटिश आले, जुनं नाव मॉरिशस परत आणलं, पण फ्रेंच भाषा आणि रीतिरिवाज राहू दिले. त्यामुळे परीक्षा इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, घरात क्रेओल, गणपतीत मराठी आरती. शाळेत इंग्लिश चॅनेल लिहायचं, संध्याकाळी पेपरात ला मांश वाचायचं. एकाच गोष्टीची दोन नावं आहेत हे आम्हाला कुणी वेगळं शिकवलं नाही, ते कळतच गेलं. नकाशेवाली ताई, मुलांना जड जाईल याची काळजी करू नका. मुलं घेतात.

पोहणारा_पाटील

मराठीत 'इंग्लिश खाडी' हे नाव घराघरात पोचलं ते पोहण्यामुळे. २४-२५ ऑगस्ट १८७५ ला मॅथ्यू वेब डोव्हरहून निघून पावणेबावीस तासांत कॅलेला पोचला. आपल्याकडून मिहिर सेन २७ सप्टेंबर १९५८ ला, आणि पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला आरती साहा, ही खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री. ती फ्रान्सच्या काप ग्री-नेहून इंग्लंडकडे पोहली. आपल्या पुण्याच्या रोहन मोरेने ही खाडी आणि जगातल्या आणखी सहा सामुद्रधुन्या मिळून २०१८ मध्ये सातांचा संच पूर्ण केला, असं करणारा तो पहिला आशियाई.

३३ किलोमीटर हे सरळ रेषेतलं अंतर. भरती-ओहोटीचा प्रवाह आडवा ओढतो, त्यामुळे पोहणाऱ्याचा प्रत्यक्ष मार्ग वळणावळणाचा होतो आणि अंतर बरंच वाढतं. ग्री-ने टोक थोडक्यात हुकलं तर किनारा पुन्हा लांब जातो. या पाण्यात हात मारणाऱ्या मराठी पोरांनी ज्या नावाने स्वप्न पाहिलं ते नाव काढून टाकू नका, एवढीच विनंती.

नकाशेवाली

पाटील, काढून टाकायचं मी म्हटलंच नाही. जोडायचं म्हणते आहे.

दुबईचा_दत्ता

तुमचा वाद गोड आहे. आमच्याकडे या. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात 'अरबी आखात', भारतातून आणलेल्या नकाशात 'पर्शियन आखात', आणि समोर इराण, ज्याला पहिलं नाव अजिबात खपत नाही. इथे नाव चुकलं तर लोक मनापासून दुखावतात. ऑनलाइन नकाशांवरही तुम्ही कुठल्या देशातून पाहता त्यावर नाव बदलतं. आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने मेक्सिकोच्या आखाताला 'अमेरिकेचं आखात' म्हणायचा हुकूम काढला, तेव्हापासून हा विषय साऱ्या जगाचा झाला.

सेऊलची_सई

दत्ता भाऊंशी सहमत, आणि इंग्लिश खाडीचा या सगळ्याशी थेट संबंध आहे तो सांगते. कोरिया आणि जपान यांच्यामधला समुद्र जगाच्या नकाशात 'जपानचा समुद्र' आहे. कोरियात त्याला 'तोंगहे' म्हणतात, पूर्व समुद्र. १९९२ पासून कोरिया संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांच्या परिषदेत हा प्रश्न मांडतो आहे. त्यांचा एक मोठा आधार म्हणजे मोनाकोच्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचा १९७४ चा ठराव: दोन देशांनी वाटून घेतलेल्या जलभागाचं एक नाव ठरत नसेल तर दोन्ही भाषांतली नावं नकाशावर स्वीकारावीत. आणि याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण कोणतं? इंग्लिश चॅनेल / ला मांश!

जपानचं म्हणणं असं की तो ठराव उपसागर किंवा सामुद्रधुनीसारख्या वाटून घेतलेल्या भागांपुरता आहे, खुल्या समुद्राला लागू नाही. वाद मिटला नाही. २०२० मध्ये त्या संघटनेने नव्या डिजिटल नोंदीत समुद्रांना नावांऐवजी क्रमांक द्यायचं ठरवलं. मला ते पटत नाही. क्रमांकाने भांडण टळतं, पण कुठल्या कोळ्याने कधी क्रमांकाच्या समुद्रात जाळं टाकलंय?

खारे_वारे

कोळ्यांचं म्हणाल तर खरी भांडणं तिथेच आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीच्या समोर फ्रेंच आणि ब्रिटिश मच्छीमार बोटी एकमेकींवर आदळल्या, दगडफेक झाली. कारण स्कॅलप, ते मोठे गोल शिंपले. फ्रेंच मच्छीमारांना १५ मे ते १ ऑक्टोबर ते काढायला बंदी, ब्रिटिशांना ती लागू नव्हती. २०२१ च्या मे महिन्यात जर्सीच्या बंदरासमोर फ्रेंच बोटी निदर्शनाला जमल्या, तेव्हा दोन्ही देशांनी गस्ती नौका पाठवल्या. कोकणात पावसाळी बंदी कोण पाळतो, पर्ससीनवाले आमची मासळी नेतात, हे ज्याने ऐकलंय त्याला हे समजायला अनुवाद लागत नाही. या दोन देशांत नावावरून अशी ठिणगी पडलेली मी कधी ऐकली नाही.

रुळलेला_शब्द

सेऊलच्या सई यांच्या प्रतिसादानंतर मी थोडा सरकलो आहे. बोलताना आणि बातमीत 'इंग्लिश खाडी' राहू दे. पण नकाशा हा दस्तऐवज असतो, तिथे तिरक्या रेघेने दोन्ही नावं देणं योग्य. आपल्याकडेही गंगा बांगलादेशात गेली की पद्मा होते आणि चांगल्या नकाशात दोन्ही असतात. गोव्यातली म्हादई कर्नाटकात महादयी आणि पणजीला मांडवी. मुलांना हे आधीच ठाऊक असतं.

नकाशेवाली

मनापासून आभार, तुम्ही आणि सगळ्यांनीच वेळ काढून लिहिलंत. मी असं ठरवते आहे: 'इंग्लिश खाडी / ला मांश' मोठ्या अक्षरात, आणि ब्रिटनीच्या टोकाशी बारीक अक्षरात 'मोर ब्रेझ'. ब्रिटनीच्या पाहुण्यांचा प्रतिसाद वाचल्यावर ते गाळणं मला जमणार नाही. पूर्वेला 'डोव्हरची सामुद्रधुनी / पा-द-कॅले'. कप्तान काका, आता एक तांत्रिक शंका. हा समुद्र कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? अक्षरं कुठून कुठपर्यंत पसरवू?

कप्तान_निवृत्त

पश्चिमेची अधिकृत हद्द म्हणजे ब्रिटनीतल्या इल व्हिएर्जपासून कॉर्नवॉलच्या लँड्स एंडपर्यंतची रेघ. पूर्वेला फ्रान्समधला वाल्द दीपगृह आणि इंग्लंडमधला लेदरकोट पॉइंट जोडणारी रेघ, तिच्यापुढे उत्तर समुद्र. म्हणजे डोव्हरची सामुद्रधुनी या समुद्रातच मोडते, तिचं नाव निराळ्या रंगात घेऊ नका, त्याच निळ्यात आकार लहान करा. 'इंग्लिश खाडी' इंग्लंडच्या बाजूला आणि 'ला मांश' खालच्या बाजूला आलं तर चांगलं. फक्त कोतांतँ द्वीपकल्पाच्या डावीकडे जागा मोकळी सोडा, तिथे जर्सी-गर्न्सीची नावं बसवताना मुलांची तारांबळ उडेल.